दोन-तीन शब्दांत सांगा, मॅडम

७ जानेवारी, मंगळवार

शनिवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की माधवनगरच्या कार्यशाळेत चंदनबाला मॅडम सबंध दुपार झोपल्या होत्या. ते चूक आहे. आज त्यांचा फोन आला आणि मी शनिवारी पडद्यावर दाखवलेल्या निबंधातला शेवटचा तक्ता त्यांनी मला विचारला. म्हणजे मान खाली होती ती झोपेमुळे नव्हे. त्या बाकाखाली मोबाइल धरून निबंध वाचत होत्या. जुनी नोंद खोडलेली नाही, कारण ती खोडली तर चूक झाली होती हेही खोडलं जाईल. शेजारी आजची तारीख घालून बाण काढला आहे.

शनिवारचं बाकीचं सगळं मात्र दुर्दैवाने खरं आहे.

ग्रंथपाल विश्वजित सरांनी ऑक्टोबरमध्ये मला नेमलं तेव्हा काम सोपं करून सांगितलं होतं. आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जगभरची संशोधनाची नियतकालिकं येतात, ती सातारा-सांगलीतल्या शाळाशिक्षकांना वापरायला शिकवायची. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, स्वतःचा पासवर्ड. "प्रत्येकाला स्वतःचं" यावर सरांनी बोट आपटलं होतं.

शनिवारी मी "आपापल्या मोबाइलवर नोंदणी करा" म्हणाले आणि भरतेश सर उभे राहिले. ते या केंद्राचे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचे, तंत्रस्नेही शिक्षक. कुठलंही ॲप आलं की सगळ्यांच्या वतीने ते भरतात.

"मॅडम, तुमी बसा. मोबाइल इकडं द्या रं सगळ्यांचे. चहा येईस्तोवर करून टाकतो."

चहाच्या रिकाम्या ट्रेमध्ये चाळीस मोबाइल गोळा झाले. सगळ्यांचा पासवर्ड एकच ठेवला गेला, शाळा आणि पुढे एकदोनतीन. हे का चालणार नाही, याची तीन वाक्यं माझ्याकडे तयार होती. सकाळी बसमध्ये कराडपर्यंत मी ती मनात घोळवली होती. पण सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला आणि मी म्हणाले, "चहा घेऊ या."

९ जानेवारी, गुरुवार

केंद्रप्रमुख रामगोंडा साहेबांनी ग्रुपवर टाकलं: "नोंदणी शंभर टक्के. आपले केंद्र जिल्ह्यात पहिले." त्याखाली अंगठ्यांची रांग. इकडे ग्रंथालयात मला दिसतं की त्या सगळ्यांत मिळून एकच व्यक्ती लॉगिन करून काही वाचते आहे, आणि तिनेच तेवढा अंगठा पाठवलेला नाही.

त्याच व्यक्तीने आज मला दुपारभर छळलं.

"मॅडम, माझ्या वर्गात सुंदरी म्हणून एक पोरगी आहे," चंदनबाला मॅडम फोनवर म्हणाल्या. "दुसरीत. वडील मागावर कामाला. घरी कानडी बोलती, गल्लीत मराठी बोलती. शाळेत आली की दातखीळ. पहिलीपास्नं एक शब्द न्हाई. त्यावर काय मिळतं ते बघायचंय."

मी समजावलं की शोधायच्या चौकटीत गोष्ट लिहायची नसते, शब्द लिहायचे असतात. दोन-तीन शब्दांत सांगा.

"दोन-तीन शब्दांत कसं सांगू वो? एवढं थोडक्यात कळण्यातलं असतं तर मी तुम्हांला कशाला फोन केला असता?"

मग पुन्हा पहिल्यापासून. सुंदरी बाकावर कशी बसते, पाणी मागायचं नाही म्हणून पाणीच कशी पीत नाही, दिवाळीआधी लघवीला जायचं आहे हे सांगता आलं नाही म्हणून काय झालं. मी मध्येच "मूल, मौन, शाळा" असं टाकून पाहिलं. ध्यानधारणेवरचे निबंध आले.

१५ जानेवारी, बुधवार

आज शाळेत जाऊन आले. काल संक्रांत झाली, त्यामुळे वर्गात तिळगूळ चालू होता. मुलं एकेक करून येत होती, ओरडून "गोड बोला" म्हणत होती. सुंदरीची पाळी आली. बारीक, दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली. तिने माझ्या हातावर वडी ठेवली आणि माझ्या चपलांकडे बघत राहिली.

"तुझं नाव काय गं बाळ?" मी वाकून, अगदी हसून विचारलं. चपलांकडेच बघणं चालू. "नाव सांग ना. मी काही मारणार नाही."

चंदनबाला मॅडम मधे येऊन फळा पुसायला लागल्या. "बोलली असं धरा," म्हणाल्या. मला ते पटलं नाही. जे झालं नाही ते झालं असं का धरायचं?

मधल्या सुट्टीत मॅडमनी मला भिंतीआड उभं केलं, ओठांवर बोट ठेवून. नळापाशी एक शेळी आली होती आणि कोणीतरी तिला झाडत होतं. "ए भवाने! परत आलीस व्हय? काल माजी वही खाल्लीस, आज काय दप्तर खातीस? जा तुज्या आईकडं!" खणखणीत आवाज. मी डोकावून पाहणार तोच मॅडमनी दंड धरला. "बघू नका. बघितलं की बंद पडती."

नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत खरा विषय निघाला. महिनाअखेर वाचन पडताळणी आहे. प्रत्येक मुलाने मोठ्याने वाचून दाखवायचं, त्यावर वर्गाची टक्केवारी.

"ही काय वाचणार न्हाई," मुख्याध्यापक म्हणाले. "हिला विशेष गरजांच्या यादीत घालू, गतिमंद म्हणून. मग मोजतच न्हाईत. तिलाबी त्रास न्हाई, आपल्यालाबी न्हाई. रामगोंडा साहेब तेच म्हणत्यात."

"ती मनात वाचती, सर. मी लिहून घेते ना तिच्याकडनं. वर्गात सगळ्यांत पुढं आहे."

"मनातलं साहेबांना कसं दाखवणार?"

"यादीत गेलेलं पोर परत कुणी काढून बघत न्हाई," मॅडम म्हणाल्या. "पाचवीत जाईल, आठवीत जाईल, यादी तिच्या आधी पोचलेली असती. मग कुणी शिकवतबी न्हाई."

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "तुमच्या विद्यापीठाचं काय म्हणणं आहे?"

माझं म्हणणं होतं. निदान दोन वाक्यं तरी होती. मी म्हणाले, "बघून कळवते."

परतीच्या बसमध्ये, इस्लामपूरच्या पुढे, ती दोन वाक्यं चार झाली आणि फार चांगली झाली.

१७ जानेवारी, शुक्रवार

सापडलं. याला नाव आहे: सिलेक्टिव्ह म्युटिझम. घरात मोकळं बोलणारं मूल ठरावीक जागी, ठरावीक लोकांपुढे बोलूच शकत नाही. तो हट्ट नसतो आणि बुद्धी कमी असण्याशी त्याचा संबंध नसतो. भीतीने गळा आवळतो. एक फार चांगला निबंध आमच्या वर्गणीतल्या नियतकालिकात आहे. अशा मुलांची वाचनपरीक्षा मोठ्याने न वाचवता कशी घ्यायची, तेसुद्धा त्यात आहे. मॅडमना नेमकं तेच हवं आहे.

मी तो लगेच पाठवला नाही. आयता दिला तर प्रकल्पाला अर्थ काय? त्यांनी स्वतः लॉगिन करून, स्वतः शब्द घालून तो शोधला पाहिजे. सोमवारी सकाळी फोनवर पायरी-पायरीने करून घेईन असं कळवलं.

"आज दिलात तर बरं हुईल वो," मॅडम म्हणाल्या.

सोमवारी, मी म्हणाले.

२० जानेवारी, सोमवार

काय लिहू? बंद. माधवनगरचं नाही, सबंध विद्यापीठाचं बंद. नियतकालिकं पुरवणाऱ्या कंपनीचा ईमेल आला आहे: एका ठिकाणाहून यंत्र लावल्यासारखे एकामागोमाग निबंध डाउनलोड केले गेले, चौकशी पुरी होईपर्यंत सर्वांचा प्रवेश थांबवत आहोत. दहा वाजल्यापासून पीएच.डी.ची मुलं माझ्या टेबलापाशी येऊन ओरडत होती. एकीचा प्रबंध पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे. ती रडली.

घडलं ते असं. शनिवारी रामगोंडा साहेबांनी ग्रुपवर आदेश टाकला: "प्रत्येक शिक्षकाने किमान दहा शोधनिबंध उतरवून स्क्रीनशॉट आज पाचपर्यंत पाठवावा. आपले केंद्र पहिले आले पाहिजे." कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी भरतेश सरांकडे बघितलं.

मी त्यांना फोन केला.

"सर, तुम्ही चारशे निबंध उतरवले?"

"चारशे कुठलं वो मॅडम? दहाच. तेच दहा सगळ्यांच्या नावावर. बाहेर ये, आत जा, बाहेर ये, आत जा, अंगठा दुखाय लागला. साडेचारलाच पुरं झालं बघा."

"निबंध कशावरचे होते?"

"बघितलं न्हाई. वरचेच घेतले. पहिला कायतरी नॉर्वेतल्या शाळेच्या डब्यावर हाय." मग आवाज उतरला. "का वो, कमी पडले काय?"

माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. त्याने अख्ख्या केंद्राचं काम एकट्याने, शनिवारी, जेवण बाजूला ठेवून केलं होतं. त्याच्या मते त्याने मला मदतच केली. त्याच्यावर चिडताही येईना आणि न चिडताही राहवेना.

आणि चंदनबाला मॅडमना द्यायचा निबंध शुक्रवारी माझ्यासमोर उघडा होता.

२१ जानेवारी, मंगळवार

विश्वजित सरांनी कंपनीला पाठवायच्या खुलाशाचा मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला. "बाहेरील शिक्षकांनी सुविधेचा हेतुपुरस्सर गैरवापर केला. सबब प्रकल्प स्थगित." त्याखाली सही माझी हवी, कारण प्रकल्पाचं रोजचं काम माझ्याकडे.

"हेतुपुरस्सर" खरं नाही. मी म्हणाले, "सर, पण..."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "पण काय?"

"पण तारीख कोणती घालू?"

"आजची घाला. आणि चौकशी संपेपर्यंत त्या केंद्राच्या शाळांमध्ये जायचं नाही. मार्चमध्ये तुमचं कंत्राट पुन्हा पुढे यायचंय, उगाच नाव यायला नको."

सर वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर मला उत्तर सुचलं असतं असं नाही, पण निदान राग आला असता. मी कागद घेऊन बाहेर आले आणि अजून सही केलेली नाही. विसरले असं म्हणता येईल. पण ते खरं होणार नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

तीन दिवस फक्त उघड्यावरचं शोधलं, वर्गणी न लागणारं, जे कुणालाही वाचता येतं. बरंच मिळालं. कुलूपबंद निबंधातलं निम्म्याहून जास्त दुसऱ्यांनी बाहेर लिहून ठेवलेलं आहे. त्यावरून मराठीत दोन पानांचं टिपण केलं. प्रत्येक वाक्य तपासलं, जिथे खात्री नाही तिथे "खात्री नाही" असं लिहिलं. मुद्दे थोडक्यात असे: अशा मुलाला चारचौघांत "बोल, बोल" करू नये. तोंडाकडे टक लावून बघू नये, शेजारी बसून काहीतरी काम करत बोलावं. ज्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" येईल असं विचारण्यापेक्षा "हे की ते?" असं विचारावं. आधी एका विश्वासाच्या माणसाशी, ओळखीच्या जागेत बोलू द्यावं, आणि बोलणं चालू असताना एकेक नवा माणूस हळूच आत येऊ द्यावा. बोललं तर टाळ्या वाजवून गाजावाजा करू नये.

टिपण लिहीत होते तेवढ्यात शिरवळहून आईचा फोन. मी तिला सगळं सांगितलं, भरतेश सरांच्या अंगठ्यासकट. पाऊण तास बोलत होते. आई लय हसली.

"हे तुज्या सायबाला सांगितलंस का?"

"तिथे नाही सांगता येत."

"तू बारकी हुतीस तवा शाळंतल्या बाई मला म्हनायच्या, आवं, पोरगी मुकी हाय का तुमची? आन् घरी शेजारच्या कोंबड्यांशी भांडायचीस. आमच्यात साळंला जानारी तू पयली, मला वाटलं साळंत गेल्यावर असंच गप बसायचं असतंय."

आईला कधी काय आठवेल याचा नेम नाही. मी म्हटलं, "आई, ठेवते, फार महत्त्वाचं काम चाललंय," आणि टिपण पुरं केलं.

२६ जानेवारी, रविवार

विद्यापीठात झेंडावंदन करून आठची सांगली बस धरली. सरांनी शाळांमध्ये जायचं नाही म्हटलं आहे. शिक्षिकेच्या घरी जाणं म्हणजे शाळेत जाणं का, यावर बसमध्ये कराडपर्यंत विचार केला. नाही, असं ठरवलं. पुढे इस्लामपूरपर्यंत, आपण सोयीचं तेच ठरवलं का, यावर विचार केला.

चंदनबाला मॅडमच्या घरी गेल्यावर कुणी माझ्याशी सरळ बोलेल तर शपथ. मॅडमनी मला स्वयंपाकघरात नेलं, खाली बसवलं आणि आमच्या मधे मटारच्या शेंगांची परात ठेवली. टिपण दिलं तर म्हणाल्या, "तुमीच वाचा, माझे हात गुंतल्यात." मी वाचत होते आणि त्या सबंध वेळ शेंगांकडे बघत होत्या. पाहुण्याकडे एकदा तरी बघावं माणसाने.

पहिलं पान झालं आणि त्यांच्या सासूबाई येऊन दारात बसल्या. मी थांबले. "चालू द्या की," मॅडम म्हणाल्या, "त्यांना ऐकायला कमी येतं." दुसऱ्या पानाच्या मध्यावर शेजारच्या दोघी आल्या, त्यांनीही शेंगा घेतल्या. त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. मग तिघी शिक्षिका, त्याच केंद्रातल्या. परत पहिल्यापासून! एव्हाना मला टिपण पाठ झालं होतं आणि शेवटी तर मी कागद न बघताच सांगत होते, इतका वैताग आला होता. सासूबाईंनी मधेच विचारलं, "मग त्या लेकराला मारून उपयोग न्हाई म्हनतीस?" त्यांना व्यवस्थित ऐकू येतं. मी त्यांना मोठ्या आवाजात समजावलं, उदाहरण देऊन. संपल्यावर कुणी एका शब्दाने "छान" म्हणालं नाही. मॅडम म्हणाल्या, "दाणे कमी निघाले यंदा."

मग त्यांनी रामगोंडा साहेबांना फोन लावला, आवाज मोठा करून.

"आवं बाई," साहेब म्हणाले, "परदेशातला कागद मला कशाला दावताय? आन् तुमी काय, तुमच्याच वर्गातलं पोर, तुमी म्हननारच. ग्रंथालयाची ती मॅडम हाय न्हवं, तिला म्हनावं उभी राहा आन् समद्यांच्या म्होरं सांग. शुक्रवारी शिक्षण परिषद हाय, केंद्रातले सगळे मास्तर असत्यात. तितं कुणी जबाबदारीनं बोललं तर सुंदरीचं नाव थांबवतो. न्हाईतर संध्याकाळी यादी तालुक्याला जाणार."

फोन बंद झाला. मी "मला मनाई आहे" म्हणणार होते. खरं तर म्हणायलाच हवं होतं. मॅडमनी एक शेंग फोडली आणि शेंगेलाच विचारलं, "उभं राहून सांगणार का बसून?"

"बसून," मी म्हणाले.

"बरं. दिवस मावळायच्या आत जेवून घ्या, आमच्या जैनांत नंतर न्हाई मिळायचं."

बस कराडच्या स्टँडवर थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हो म्हणून बसले आहे. असं कसं फसले मी?

२८ जानेवारी, मंगळवार

दोन दिवस पळवाटा शोधल्या. टिपण भरतेश सरांना पाठवून वाचायला सांगावं, हे सुचलं. त्यांनी आनंदाने वाचलं असतं, चाळीस वेळाही. पण कुणी प्रश्न विचारला की "बघितलं न्हाई" म्हणाले असते. आवाज रेकॉर्ड करून पाठवावा, हेही सुचलं. मॅडमना तसा निरोप केला. त्यांचं उत्तर आलं: "सुंदरीने काल मला कानात सांगितलं, पाणी पाहिजे. मी फक्त पाणी दिलं. वर्गात कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हांलाच सांगते."

हे काही माझ्या निरोपाला उत्तर झालं नाही. मी ते तरीही पुन्हा पुन्हा वाचते आहे.

संध्याकाळी खुलाशाचा कागद काढला. "हेतुपुरस्सर" खोडून तिथे जे झालं ते लिहिलं: आदेश आला, एकाने सर्वांच्या वतीने पाळला, आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा ठेवा हे प्रकल्प सहायकाने, म्हणजे मी, त्या वेळी सांगितलं नाही. खाली सही केली. सर हे पुढे पाठवणार नाहीत बहुतेक. पण माझ्या सहीचा कागद हाच.

मग रजेचा अर्ज. कारणाच्या जागी सगळे "घरगुती" लिहितात. मीही लिहून पाहिलं. ते खरं नव्हतं. नवा अर्ज घेतला आणि लिहिलं, "शिक्षण परिषदेत बोलायचे आहे." मी तिथे जाणार ती विद्यापीठातर्फे नाही, रजेवर असलेली व्यक्ती म्हणून; आणि परिषद शाळेत भरत असली तरी हे सरांपासून लपवलेलं नाही. दोन्ही गोष्टी अर्जात आहेत. उद्या सकाळी सरांच्या हातात देईन, टेबलावर ठेवून येणार नाही. ते "हे काय?" असं विचारतील. विचारू देत.

टिपणाची प्रत पिशवीत घातली आहे, पण ती लागेल असं वाटत नाही. सकाळी सहाची सातारा-सांगली बस. शुक्रवार, ३१ जानेवारी. बसूनच बोलेन.